हाताने जेवतात का?

"वन्सं, या," एवढंच बोलून वहिनींनी फोन ठेवला आणि मला कळलं. सकाळचा दुसरा चहा ओट्यावर तसाच राहिला. एग्मोरहून तांबरमला जाणाऱ्या गाडीत मी रडले नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मला रडू येत नाही, हे लहानपणापासूनचं आहे. घरी पोचले तर दारात चपलांचा ढीग, आत शेजारीपाजारी, दादाचे कारखान्यातले जुने सहकारी, आणि जो तो एकच वाक्य तोंडात घेऊन आलेला... सुटले बिचारे. अहो, कशातून सुटले? माझा मोठा भाऊ प्रभाकर, आमचा दादा, काही तळमळत पडलेला नव्हता. अर्धांगाच्या झटक्यात त्याचा उजवा हात गेला, जीभ जड झाली, पण डोकं शाबूत होतं आणि जगायची हौस तर माझ्यापेक्षा जास्त होती. त्याला एकच गोष्ट परत हवी होती, स्वतःच्या हाताने जेवणं. त्यासाठी एका डॉक्टरची चिठ्ठी लागत होती. ती एकदा मिळाली, मग बंद झाली, आणि पुन्हा मिळाली तेव्हा तिचा उपयोग उरला नव्हता. मी लिहायला बसले आहे ती या चिठ्ठीबद्दल. गेलेल्या माणसाविषयी ज्यांना गोड गोडच वाचायची सवय आहे, त्यांनी खुशाल पान उलटावं.

तसा दादा स्वतः कुठे गोड होता! संरक्षण खात्याच्या कारखान्यात तयार माल तपासण्याचं त्याचं काम. मापात नाही म्हणून माल परत पाठवायचा, हा त्याचा आयुष्यभराचा धंदा, आणि तो त्याने घरातही चालवला. माझ्या पोळ्या परत गेल्या, माझ्यासाठी आलेली दोन स्थळं परत गेली, माझ्या बँकेतल्या नोकरीलाही आधी नाकच मुरडलं. ऐन तरुणपणी तो नागपूरहून मद्रासला आला, मागून मला आणलं, आणि आम्ही दोघं इथलेच झालो. इथलं त्याला काय आवडलं असेल तर जेवण. केळीच्या पानावर, चमच्याशिवाय, रस्सम-भात खाणं ही त्याच्या मते माणसाची खरी परीक्षा. महाराष्ट्रातून पाहुणे आले की तो मुद्दाम त्यांना एखाद्या लग्नाच्या पंगतीला घेऊन जायचा. पाहुण्यांचं रस्सम पानावरून ओघळून धोतरावर, साडीवर. आणि हा मात्र भाताची पाळ करून, बोटांच्या टोकांनी, एक थेंब इकडेतिकडे न होऊ देता पान साफ करायचा आणि मग पाहुण्यांकडे अशा नजरेने बघायचा की त्यांनी पानाखाली लपावं. "शालू, माणूस कसा आहे ते जेवताना कळतं," असं मला किती वेळा ऐकवलं असेल. ऐकून ऐकून वीट आला होता.

अशा माणसाचा उजवा हात गेला. डावा होता की, असं म्हणणारे भेटले. त्यांना हात जोडते. आमच्या पिढीच्या माणसाला डाव्या हाताने पानातला घास उचल म्हणणं म्हणजे काय, ते त्यांना कळायचं नाही. दादाच्या खात्याने पॅनेलवर, म्हणजे यादीत, घेतलेल्या एका मोठ्या रुग्णालयातून दादाला घरी सोडलं तेव्हा फिजिओथेरपी लिहून दिली होती. चालणं सुधारलं, जिना चढू लागला. हाताचं काय, असं मी विचारलं तर मेंदूचे डॉक्टर म्हणाले, त्यासाठी ऑक्युपेशनल थेरपी असते. जेवणं, बटणं लावणं, अंघोळ, दाढी, असली रोजची कामं आजारी माणसाला पुन्हा शिकवायची, त्याचं ते शास्त्र. मग लिहा ना, मी म्हटलं. तर म्हणे, मी नाही लिहू शकत. मी पुनर्वसन विभागाच्या डॉक्टरांना लिहिणार, ते तपासून थेरपीला लिहिणार, त्यावर काउंटरवर शिक्का होणार, आणि मग थेरपिस्ट रुग्णाला हात लावणार. याचं नाव रेफरल. थेरपीची खोली त्यांच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. मी तिथं उभी राहून आतल्या बाईंना बघू शकत होते. पण तिथवर पोचायला आम्हाला पावसाळा अर्धा संपवावा लागला. शिक्क्याच्या काउंटरवरचा शहाणा दादाचा कागद उलटसुलट करून मला विचारतो, "हे तर रिटायर झालेत. यांना ऑक्युपेशन कशाला?" त्याला तमिळमध्ये मी जे सुनावलं ते इथं छापता येणार नाही. रांगेतली माणसं हसली, आणि शिक्का बसला.

थेरपिस्ट निघाली जानकी. तंजावरी मराठी घरातली मुलगी, तिशीची असेल. आम्ही आपसात बोलताना ऐकलं आणि चटकन म्हणाली, "मामा, आम्हीही मराठीच हो!" तिची मराठी म्हणजे काय सांगू... शब्द कुठल्या काळातले आणि चाल अगदी तमिळची. दादाला तर खेळणंच मिळालं. जड जिभेनेही त्याने तिला चिडवून घेतलं, "तुझी मराठी पेशव्यांच्याही आधीची आहे गं." ती म्हणाली, "असू दे. तुमची नवी आहे तर लौकर जिरते, आमची मुरलीय. आता बोट उघडा." तिने चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड मूठ केली, ताटाखाली ओला रुमाल घातला, आणि कोपर टेबलावर टेकवून हात तोंडापर्यंत कसा न्यायचा ते शिकवलं. सांडलं तर सांडू द्या, हा तिचा मंत्र. आणि घोडं तिथंच अडत होतं. आमच्या वहिनींना सांडलेलं बघवत नसे. जानकीसमोर गप्प बसत, घरी आलं की दोन घास सांडताच ताट ओढून घेत आणि भरवायला लागत. नवऱ्याचं सगळं आपण करायचं, त्याला बोटसुद्धा उचलू द्यायचं नाही, म्हणजे सेवा, हे त्यांच्या हाडात होतं. जानकीला ते दादाच्या बोटांवरूनच कळलं. एकदा तिने वहिनींचा हात धरून सांगितलं, "मामी, तुम्ही भरवलं की त्यांचा हात विसरतो. माया करायची तर लांब बसून करा, सरी, कळलं?" वहिनींना राग आला. तीन दिवस त्या माझ्याशीही नीट बोलल्या नाहीत, जणू ते मीच शिकवून पाठवलं होतं. पण नंतर जेवणाच्या वेळी त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसायला लागल्या. दादा टेबलाशी एकटा.

एका रविवारी मी गेले तर दादाने खुणेने मला समोर बसवलं. पुढ्यात इडली. चमचा त्याने बाजूला सरकवला. अंगठा आणि दोन बोटं, बाकीची अजून आखडलेली. इडलीचा तुकडा तुटला, चटणीत बुडाला, वर यायला लागला, मध्येच थांबला, थरथरला... मी जीव मुठीत धरून बसले होते. तुकडा तोंडात गेला. हनुवटीवर चटणी, शर्टावर चटणी, आणि हा माझ्याकडे अगदी त्या जुन्या नजरेने बघतोय, पंगतीत पाहुण्यांकडे बघायचा तसा. "बघ," म्हणाला. मी म्हटलं, "चटणी सांडलीस. मापात नाही, परत." तो इतका हसला की ठसका लागला आणि वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. खालच्या मजल्यावरच्या शेजारीण पद्मांच्या मुलीचं लग्न संक्रांतीनंतर ठरत होतं. दादा म्हणाला, त्या पंगतीला जायचं. पानावर जेवायचं. मी म्हटलं, जाऊ. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की जाऊ.

रेफरलला मुदत असते. मुदत संपली की पुन्हा पुनर्वसनाच्या डॉक्टरांनी तपासायचं आणि गरज असेल तर वाढवायचं. त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. जुन्या चिठ्ठीवर आधी शिक्का आणा, म्हणून मला काउंटरच्या रांगेत पिटाळलं, आणि त्याच वेळात आतून दादाचं नाव पुकारलं. मी परत आले तेव्हा दोघं बाहेर बाकावर बसलेली, वहिनी खुशीत. "डॉक्टर फार चांगले आहेत हो. छान आहे म्हणाले." हातातला कागद घेऊन मी वाचला. रुग्ण जेवण, स्नान, कपडे याबाबत स्वावलंबी, थेरपीची गरज नाही, रेफरल बंद. मी म्हटलं, "वहिनी, त्यांनी काय विचारलं?" विचारलं होतं, जेवतात का. वहिनींनी त्यांच्या मोडक्या तमिळमध्ये सांगितलं, "नल्ला साप्पिडरार." छान जेवतात. अंघोळ? रोज, दोन वेळा, कधी चुकत नाही. कपडे? स्वच्छ, इस्त्रीचे. आणि यातला एकही शब्द खोटा नव्हता! दादा जेवत होता, रोज अंघोळ करत होता, इस्त्रीचे कपडे घालत होता. त्याला अंघोळ कोण घालतं, बटणं कोण लावतं, दुपारच्या पानातले निम्मे घास अजून कोण भरवतं, ते विचारणाऱ्याने विचारलं नाही आणि सांगणारीने सांगितलं नाही. परक्या माणसापुढे, त्यातून पोराच्या वयाच्या डॉक्टरपुढे, माझ्या नवऱ्याला मी लहान मुलासारखी भरवते, असं आमच्याकडची कुठली बाई म्हणेल? कसं चाललंय असं कुणी विचारलं की छान चाललंय म्हणायचं, हे आमच्या घरात दुधाबरोबर पाजलेलं. "आणि तू?" मी दादाला विचारलं. "तू तिथं होतास ना? तू काय केलंस?" वहिनी म्हणाल्या, "यांनी मान हलवली की. हो म्हणाले."

तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास माणसांच्या देखत मी दोघांना झाडलं. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल परत पाठवलास आणि स्वतःची खोट सांगायची वेळ आली तर मान डोलावलीस? वहिनी रडायला लागल्या. मला त्यांच्या रडण्याचाही राग आला. पण त्या दोघांपेक्षा जास्त राग मला त्या खुर्चीत बसलेल्या पोराचा आला होता आणि अजून आहे. अरे, समोर चमचा ठेवला असतास तर? एक बटण लावून दाखवा म्हणाला असतास तर? ज्या मुलीने महिनोन्महिने तो हात हातात धरला होता, ती पलीकडच्याच खोलीत बसली होती, तिला हाक मारून विचारलं असतंस तर? नाही. कारण नियमाने थेरपिस्टचं मत डॉक्टरने मागितलं तरच ग्राह्य. हाताची माहिती जिला आहे तिला बोलायची परवानगी नाही, आणि परवानगी ज्याला आहे त्याने हाताला हातही लावला नाही. मी परत आत घुसले. सांगितलं, हे चुकीचं लिहिलंय. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, पेशंट आणि पेशंटच्या पत्नी, दोघांनी सांगितलं. आता नवीन रेफरल हवं. मेंदूच्या डॉक्टरांकडून."

पुढचं सगळं सांगत बसले तर तुम्हाला चक्कर येईल, मला तर येतेच. मेंदूचे डॉक्टर परदेशी परिषदेला गेलेले. त्यांच्या जागेवरचे म्हणाले, बंद पुनर्वसनवाल्यांनी केलं, उघडायचंही त्यांनीच. पुनर्वसनवाले म्हणाले, नवी तक्रार असल्याशिवाय आम्ही उघडत नाही. नवी तक्रार कोण लिहिणार? मेंदूचे डॉक्टर. ते कुठे? परदेशी. मी जानकीला गाठलं, म्हटलं, तू घरी ये, पैसे मी देते, कुणाला कळणार नाही. तिचे डोळे भरून आले, पण ती नाही म्हणाली. "मावशी, चिठ्ठी नसता मी हात धरला आणि मामांना काय झालं तर माझी नोकरी जाते, नावही जातं. माझ्या घरी मीच एक कमावती." मी तिलाही बोलले, भित्री म्हटलं. त्याबद्दल मी पश्चात्ताप वगैरे करत बसणार नाही. ती घाबरलीच होती, आणि तिला घाबरवून ठेवणारी माणसं तिच्याहून मोठ्या खुर्च्यांवर बसली होती. गिंडीच्या एका खाजगी दवाखान्यात गेले. त्यांनीही पहिला प्रश्न तोच केला, डॉक्टरची चिठ्ठी आहे का? चिठ्ठी होती की. थेरपीची गरज नाही असं लिहिलेली होती.

इकडे हात मिटत चालला. जी बोटं जानकीने एकेक करून उघडली होती ती परत तळव्यात शिरली. तिने शिकवलेलं आम्ही घरी करत होतो, पण दादाला दुखायचं, तो ओरडायचा, वहिनी सोडून द्यायच्या. पद्मांच्या मुलीच्या लग्नाला दादा गेला नाही. भूक नाही म्हणाला. त्यानंतर त्याची भूक नेहमीच नाहीशी व्हायला लागली. घरात कुणी असलं की भूक नाही. नुसते घरचेच असले तर दोन घास. एकदा मी न सांगता गेले. दार नुसतं लोटलेलं, दुपारची वेळ, खोलीचा पडदा ओढलेला. आत वहिनी वरणभात कालवून दादाला भरवत होत्या. मला बघताच दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. घास तोंडात होता. तो त्याने चावला नाही, गिळला नाही, मी बाहेर जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले... कितीतरी वेळ. खरं सांगते, त्या दिवशी मी माझ्या भावाला गमावलं. पुढे छातीत कफ झाला, अंगात ताकद उरलेली नव्हती, आणि तो गेला, ते सगळं नंतरचं. त्याआधी, मेंदूचे डॉक्टर परतल्यावर, नवं रेफरल मिळालं होतं. जानकीने हात बघितला, मूठ उघडायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. पुनर्वसनाच्या डॉक्टरांनी लिहिलं, आता विशेष लाभ संभवत नाही. हे मात्र त्यांनी बरोबर लिहिलं.

तेव्हा सुटले बिचारे म्हणणाऱ्यांनी पुन्हा माझ्यासमोर म्हणू नये. आणि जे मला म्हणतात, शालूताई, नियम सगळ्यांच्या भल्यासाठी असतात, त्यांना सांगते, असतील. रुग्ण भलत्याच्या हाती पडू नये म्हणून डॉक्टरने आधी बघावं, हे मला समजतं, मी अडाणी नाही. पण बघावं म्हणजे बघावं. बायकोला विचारून टिकमार्क करणं म्हणजे बघणं नव्हे. हे लिहू का, म्हणून मी वहिनींना विचारलं, कारण यात त्यांचीही गोष्ट आहे आणि त्या वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. मला वाटलं होतं, नको म्हणतील. घरातलं बाहेर जाऊ न देणारी बाई. त्यावर त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी मोकळ्या आहात का? पद्मांबरोबर जायचंय." खालच्या पद्मांच्या यजमानांना गेल्या महिन्यात झटका आला. तेच रुग्णालय, तोच हात. दादाला जाऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते, आणि वहिनींना त्या दारात पाऊल टाकायचं होतं. मी म्हटलं, मला जमणार नाही, मी तिथं कुणाचा तरी गळा धरीन. तरी गेले.

तीच खोली. खुर्चीत तोच तरुण डॉक्टर. त्याने आम्हाला ओळखलं नाही. पद्मांचे यजमान इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूती, चाकाच्या खुर्चीत ताठ बसलेले. डॉक्टरने कागदावरून मान वर न करता विचारलं, जेवतात का? पद्मा हसल्या. अगदी तशाच हसल्या हो. म्हणाल्या, "नल्ला..." आणि वहिनींनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. भर खोलीत, परक्या पुरुषांसमोर, आमच्या वहिनींनी, ज्यांनी आयुष्यात कुणाचं वाक्य तोडलं नाही. "इल्लै," त्या म्हणाल्या. नाही. "ऊट्टी विडरांग." ही भरवते. मग त्या डॉक्टरकडे वळल्या. त्यांचं तमिळ मोडकंच होतं, पण आवाज मोडका नव्हता. शर्टाची बटणं ही लावते. अंघोळ ही घालते. रात्री ते रडतात. मीही भरवत होते आणि तुम्हाला सांगितलं नाही. समोर चमचा ठेवा, उचलतात का बघा. डॉक्टरने मान वर केली. चमचा नव्हता, त्याने खिशातलं पेन पुढे धरलं. पद्मांच्या यजमानांची बोटं पेनापर्यंत गेली आणि नुसतीच त्याला लागून राहिली. तो थोडा वेळ त्या बोटांकडे बघत राहिला, मग त्याने लिहिलं. रेफरल मिळालं.

पद्मा यजमानांना घेऊन शिक्क्याच्या रांगेत गेल्या. वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या. मी शेजारी बसले. मला त्यांना काहीतरी चांगलं म्हणायचं होतं, पण मला तसलं जमत नाही. त्या समोरच्या बंद दाराकडे बघत होत्या.

"एवढंच बोलायचं होतं हो, वन्सं," त्या म्हणाल्या. "एवढंच."